पाण्यात ठेवलेला तुझा देव

“हीच गो ती पोरगी. हिंदू हाय, पन ब्रिजेट शांत होती ते हिनंच सांगितलं.”

तुझी पेटी तेव्हा खाली गेली होती. मरोळच्या सिमिटरीत लोक रांगेने पुढे जाऊन एकेक मूठ माती टाकत होते आणि मी सगळ्यांच्या शेवटी, भिंतीला पाठ लावून उभी होते. माझ्या पुढच्या दोन बायका बोलत होत्या. दुसरी म्हणाली, “मंग मागं कशाला उभी केली तिला? जाऊ दे की पुढं.” आणि त्यांनी मला पुढे काढलं. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी वाट दिली. तुझ्या घरच्यांच्या पाठोपाठ, तुझ्या मावश्यांच्याही आधी, मी खड्ड्यापाशी पोचले.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. माणूस उंबऱ्याबाहेर नेला की आमच्यापुरता तो तिथेच संपतो, पुढचं पुरुष बघतात. त्यामुळे कुणाला असं नजरेसमोर जमिनीत जाताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ती तू होतीस. माती ओलसर होती, हाताला चिकटली. मी ती टाकली. एवढ्या लोकांत मला पुढे बोलावलं होतं, आणि तो मान मला एका खोट्या वाक्याबद्दल मिळाला होता.

त्याआधी चर्चमध्ये फादरही तेच म्हणाले होते. “ब्रिजेटची एक मैत्रीण आहे, आपल्या धर्माची नाही. पण तिनेही पाहिलं की या मुलीने शेवटी सगळं परमेश्वराच्या हाती सोपवलं होतं.” सगळे वळून बघायला लागले. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो माझा विनय वाटला. तू असतीस तर बाकाखालून माझ्या पायावर जोरात पाय दिला असतास.

तू शांत नव्हतीस. हे तुला माहीत होतं आणि मला. तिसरा कुणी असेल तर तो तुझा देव, आणि तो काही बोलत नाही.

*

आपण भांडायला लागलो पाचवीत. आठवड्यातून काही तास आपला वर्ग फुटायचा. कॅथलिक मुली कॅटेकिझमला जायच्या आणि उरलेल्या आम्ही मॉरल सायन्सला. तुम्हाला देव शिकवायचे, आम्हाला सभ्यपणा. तास संपला की तू धावत येऊन माझ्या शेजारी बसायचीस आणि नवीन काय कळलं ते लगेच मला सांगायचीस. मी उलट बोलणार नाही याची तुला खात्री होती. मी वर्गात कुणाशीच बोलत नसे. एके दिवशी तू सांगितलंस की देव एकच आहे, पण तो तिघे आहे.

“तीनच?” मी विचारलं.

मला खरोखरच ते कमी वाटले होते. तुला वाटलं मी चेष्टा करतेय.

“तुमच्याकडे किती आहेत?”

“घरात अकरा. गावाला वेगळे.”

“मग त्यातला खरा कुठला?”

“सगळे.”

“असं चालत नाही, सुजाता.”

“मग तीन आणि एक कसं चालतं?”

सिस्टरने दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. मला आयुष्यात पहिल्यांदा शिक्षा झाली होती आणि ती मला फार आवडली. तिथे उभ्या उभ्याच मी तुला आमच्या गावच्या वेतोबाची गोष्ट सांगितली. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या नव्या चामडी चपला वाहतात.

“झिजतात म्हणजे? खरंच झिजतात?”

“बाबा म्हणतात झिजतात. त्यांनी बघितल्यात.”

तू स्वतःच्या बुटांकडे बघितलंस. मग म्हणालीस, “आमच्या देवाला चालावं नाही लागत. तो सगळीकडे असतोच.” आणि दुसऱ्या दिवशी, प्रार्थनेच्या रांगेत, माझ्या वेणीला हिसका देऊन हळूच म्हणालीस, “पण येशू चालायचा. त्याचेपण पाय मळायचे.” म्हणजे तुला रात्रभर ते सतावत होतं. वाद संपल्यावरही तो घरी घेऊन जाणारी, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या बाजूचं काहीतरी बरोबर घेऊन परत येणारी दुसरी मुलगी मला अजून भेटलेली नाही. भेटेल असं वाटतही नाही.

नववीत तू मला गुड फ्रायडेला घेऊन गेलीस. क्रुसावरून येशूचा पुतळा उतरवला, आडवा ठेवला, आणि लोक रांगेने जाऊन त्याच्या पायांचं चुंबन घेत होते. म्हाताऱ्या बायका रुमालाने त्याचे पाय पुसत होत्या. मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. बाहेर आल्यावर मी तुला म्हटलं, तुम्हीपण आमच्यासारखेच की गं. तू भडकलीस.

“तो पुतळा आहे. देव नाही. फोटोचा मुका घेतात ना माणसं, तसं ते.”

“आमच्यात फोटो आणि माणूस असं वेगळं नसतं. एकदा प्राणप्रतिष्ठा केली की तो तिथे असतोच.”

“आणि नंतर विसर्जन केलं की नसतो?”

“हो.”

“म्हणजे तुम्ही बोलावणार तेव्हा त्याने यायचं आणि तुम्ही सांगाल तेव्हा जायचं?”

“पाहुणा असाच असतो.”

“देव पाहुणा नसतो गं, वेडे. घर त्याचं असतं. पाहुणे आपण.”

आपण हे सगळं इंग्रजीत बोलायचो. खरी चिडलीस की मात्र तुझं घरचं मराठी बाहेर यायचं. “मना नको शिकवू,” असं म्हणायचीस. पुस्तकात वाचून मिळवलेली उत्तरं त्या ‘मना’पुढे टिकत नसत.

*

बाबांच्या गिरणीतला संप लांबत गेला त्या वर्षी आईने देव पाण्यात ठेवले. तुला मी ते समजावून सांगितलं होतं. देव्हाऱ्यातले सगळे देव तांब्याच्या पातेल्यात घालायचे, ते बुडतील एवढं पाणी ओतायचं, आणि आपलं काम होईपर्यंत त्यांना तसंच ठेवायचं. काम झालं की बाहेर.

“किडनॅप केलंत की गं त्यांना!” तू हसून हसून तुमच्या घराच्या ओट्यावर आडवी झालीस.

संप काही मिटला नाही, तुला माहीतच आहे. तो नुसता विरत गेला. त्यामुळे देवांना बाहेर काढायचा दिवस कधी उजाडलाच नाही. आई रोज पाणी बदलायची. अन्नपूर्णा काळी पडली, बाळकृष्णाच्या पाठीवर हिरवे डाग आले. शेवटी बाबा इथल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. बावीस वर्षं लूमवर काढलेला माणूस आता नटबोल्ट मोजायला लागला. त्यांनीच एका सकाळी आईला सांगितलं, “काढ गो भायर तेंका. ते पण दमले असतले.”

तुला हे वाक्य एवढं आवडलं की तू ते तुझ्या घरी जाऊन सांगितलंस. मग येऊन मला म्हणालीस की तुझ्या आजीने एकदा संत अँथनीला दोरीने बांधून विहिरीत उलटा टांगला होता, हरवलेली बांगडी सापडेपर्यंत.

“बघ,” मी म्हटलं.

“काय बघ? तो संत आहे, देव नाही. संत आपल्यातलाच असतो, त्याला दटावलं तर चालतं. देवाला कोण दटावणार?”

“का नाही?”

“कारण त्याला शिकवायला नाही लागत. तो आधीच चांगला आहे.”

“आमचे आधीच चांगले नसतात. त्यांना आठवण करून द्यावी लागते. उठवायचं, आंघोळ घालायची, जेवायला वाढायचं.”

“म्हणजे तुमचे देव तुमची मुलं आहेत.”

“आणि तुमचा देव तुमचा बाप.”

“हो. आणि बापाला कुणी पातेल्यात घालत नाही.”

एवढ्या वर्षांत मी देवाबद्दल जे काही वाचलं, त्यात यापेक्षा फारसं पुढे कुणी गेलेलं मला दिसलेलं नाही.

एकदाच आपण खरोखर अडकलो. तुझ्या नवव्या वर्षी आलेल्या तापाने हृदयाची झडप खराब केली होती आणि आता ती दर हिवाळ्यात तुला महिनामहिना अंथरुणात ठेवायची. तू जिना चढताना मध्ये थांबायला लागली होतीस. मी काहीतरी शहाणपणाचं बोलले, की आमच्यात वर बसून कुणी ठरवत नाही, आपलंच केलेलं फिरून आपल्याकडे येतं. तू माझ्याकडे वळलीस.

“म्हणजे नऊ वर्षांची असताना मला ताप आला तो मी मागच्या जन्मी काहीतरी केलं म्हणून? काय केलं होतं? सांग ना. तोंडावर सांग.”

मला हरायचं नव्हतं.

“तुमच्यात कुणी पाठवला तो ताप?”

“देवाने.”

“प्रेमाने?”

तू ओट्याच्या कडेचं प्लास्टर नखाने उकरत राहिलीस. तेवढ्यात तुझी मम्मी, माझ्या आंटी, मैद्याच्या तळलेल्या गरम फुग्यांची थाळी घेऊन बाहेर आल्या, “काय गो, भांडता का खाता?” म्हणाल्या, आणि आपण खाल्लं. त्या प्रश्नावर नंतर आपण दोघी कधीच आलो नाही. मला वाटतं आपण एकमेकींना वाचवलं. आता वाटतं, तेव्हाच काय ते बोलून घ्यायला हवं होतं. दम लागेपर्यंत भांडायला हवं होतं.

*

तो शनिवार. सोमवारी तुझं ऑपरेशन होतं. इस्पितळात भेटायच्या वेळेत मी आले तेव्हा तू उशांना टेकून बसली होतीस, ओठ निळसर, केस कुणीतरी विंचरून दिलेले.

“घरी काय म्हणतायत?”

“आईने देव पाण्यात ठेवलेत.”

“माझ्यासाठी?” तू हसलीस. “बिचारे. त्यांची मागची सर्दी अजून गेली नसेल.”

तुला हसताना बघून मला धीर आला. हसवायला म्हणून मी सांगून टाकलं की तुझा क्रूसही त्यांच्याबरोबर ठेवलाय. दहावीच्या परीक्षेआधी तू दिलेला, बोटाच्या पेराएवढा, कंपासपेटीतला. आई पातेलं भरत असताना मी तो काढून आणला आणि हळूच आत सोडला. आईने बघितलं. म्हणाली, “त्यांचा देव ना तो? राहू दे. सगळ्यांना सोबत होईल.”

तुझं हसू गेलं.

“काढ त्याला बाहेर.”

“अगं, गंमत म्हणून—”

“गंमत नाही. घरी गेल्यावर पहिलं ते कर.”

मला राग आला. आजही मला तो राग चुकीचा वाटत नाही. मी म्हटलं, “आमचे अकरा बुडवलेत, मग तुझ्याच देवाला का सोडायचं? त्यांचा तुझ्याशी संबंध काय? तू तर त्याची आहेस ना? त्यालाच आधी बुडवायला हवं.”

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी कूस बदलली. तू माझं मनगट धरलंस. तुझी बोटं गार होती.

“त्याला एकदा मारून झालंय. त्याने तो काही बदलला नाही. ऐक. मी त्याच्याशी भांडतेय. रोज. आत्ता तू यायच्या आधीपण भांडत होते. तू त्याचं तोंड पाण्यात दाबून ठेवलंस तर तो मला उत्तर कसं देणार?”

“देतो उत्तर?”

“नाही देत. म्हणून तर.”

मग तू एकदम बोलत सुटलीस. फादर येऊन कपाळाला आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून गेले. प्रेयर ग्रुपच्या बायका रोज येतात, गाणी म्हणतात. “मम्मी गाते म्हणून मी हसते, आणि मी हसते म्हणून मम्मी गाते. दोघींना थांबता येत नाही. सगळ्यांना वाटतंय मी तयार आहे. मी तयार-बियार नाही, सुजा. मला भीती वाटते. आणि त्याचा राग येतो. एवढा राग येतो ना, की झोपेत दात खाते मी.”

मी तुझ्या चादरीची कड सरळ करत बसले.

“तू सांग मम्मीला. माझ्याने तिच्या तोंडावर नाही होणार. सांग, उद्या त्या बायकांना नको आणू म्हणावं. एकटी ये. गाऊ नको. नुसती बस माझ्याजवळ. सांगशील?”

“सांगते.”

“नक्की ना गं?”

“नक्की.”

आंटी मला जिन्यातच भेटल्या. बरोबर दोघी बायका, एकीच्या हातात गाण्यांची वही. आंटींनी माझे दोन्ही हात धरले. “कशी हाय? काय बोलली?”

तिघी माझ्याकडे बघत होत्या. सगळं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. आणि मी म्हटलं, “शांत आहे, आंटी. म्हणाली, सगळं देवावर सोडलंय.”

मोठ्यांसमोर मला कधी धड दोन वाक्यं जुळवता आली नाहीत. हे वाक्य मात्र न अडखळता आलं, सुरेख आलं, कारण ते माझं नव्हतंच. ते शाळेत, चर्चमध्ये, सगळीकडे तयार ठेवलेलं असतं, उचलायचं आणि द्यायचं. वहीवाल्या बाईंनी डोळे मिटून कपाळाला, छातीला हात लावला. आंटींचा चेहरा एवढा उजळला की मला पुढे काही बोलताच आलं नाही. त्या भरभर वर गेल्या. मी खाली उतरताना गाणं सुरू झालेलं ऐकलं.

घरी जाऊन मी तुझा क्रूस पाण्यातून काढला, ओढणीने कोरडा केला आणि कपाटात ठेवला. तू मला दोन कामं सांगितली होतीस. सोपं ते मी केलं.

आणि रविवार अख्खा माझ्याकडे होता. इस्पितळापर्यंत तास-सव्वा तासाचा रस्ता. मी सकाळी केस धुतले. दुपारी पेपर वाचला. संध्याकाळी स्वतःला सांगितलं की आंटी आत्ता तिथेच असतील, तू स्वतःच बोलली असशील, आता मध्ये मी कशाला. सोमवारी ऑपरेशनला भूल दिली, त्यातून तू उठलीच नाहीस.

*

निरोप आला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तिने हात धुतले, पातेल्यातून एकेक देव काढला, पंच्याने पुसला आणि जागच्या जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी हळदकुंकू, फूल, नैवेद्य. सगळं रोजच्यासारखं.

“आता कशाला त्यांची पूजा?” मी विचारलं.

“त्यांचा काय दोष गं?”

“दोष नव्हता तर पाण्यात कशाला ठेवले होतेस?”

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी लहान असल्यासारखं मला वाटलं. “आपण आपलं सांगून बघायचं. सुटली बिचारी. जेवढे भोग होते तेवढे संपले तिचे.”

तुझ्या घरी गेले तर तिथे म्हणत होते, देवाला आवडती मुलगी होती, त्याने बोलावून घेतली. एका घरात तुला नेणारा कुणीतरी होता आणि त्याने ते प्रेमाने केलं होतं. दुसऱ्या घरात नेणारा कुणीच नव्हता, तू आपोआप संपली होतीस, दिव्यातलं तेल संपावं तशी. आणि दोन्ही घरांत माणसं तेवढ्यावर जेवत होती, झोपत होती. मला दोन्ही घरांचा तिटकारा आला. तूच एक होतीस जिच्याशी मी यावर भांडले असते.

खरं सांगू? मला आता तुझा देव हवाय. एवढ्याचसाठी, की त्याच्यावर चिडता येतं. तो सगळं जाणतो, सगळं करू शकतो आणि प्रेमही करतो, असं तुम्हीच म्हणता. म्हणजे त्याला पळायला वाट नाही. पण चिडायला तो आहे असं आधी वाटावं लागतं, आणि ते मला वाटत नाही. आमच्या देवांवर चिडायला जावं तर ते एवढेएवढेसे, आईने पुसून ठेवलेले, डाग पडलेले. संप मिटवता आला नाही, तुला वाचवता आलं नाही. त्यांच्याकडे बघून मला त्यांचीच कीव येते. तुझा राग निदान कुणाच्या तरी तोंडावर होता. माझा नुसताच घरातून फिरतोय.

तुझ्यावरही आहे तो. तू ते काम मला का सांगितलंस? दहा-बारा वर्षं माझ्या शेजारी बसलीस. मी हात वर करत नाही, दुकानात सुट्टे परत मागत नाही, फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जाते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तरी तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू माझ्या हातात दिलंस. तुला वाटलं असेल, तुझ्याशी भांडू शकते ती जगाशीही बोलू शकेल. मी फक्त तुझ्याशीच बोलू शकत होते गं.

तेवढं तरी तुझ्यामुळे होतं. नाहीतर मी मॉरल सायन्समध्ये शंभरपैकी नव्वद मिळवून, तोंड मिटून, सभ्यपणे मोठी झाले असते.

*

तुझे पप्पा गल्फहून आले, आठवडाभर राहिले आणि परत गेले. घरी आंटी एकट्या. मी सातव्या दिवसाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले, मग दर रविवारी जायला लागले. दर वेळी त्या मला विचारायच्या.

“सांग गो परत. कशी होती ती?”

“शांत होती, आंटी.”

एकदा मी त्यात तुझं हसू घातलं. पुढच्या रविवारी तुझ्या हातात रोझरी दिली. तुझ्या हातात रोझरी नव्हती, माझं मनगट होतं. खोटं दर आठवड्याला थोडं थोडं वाढत गेलं, आणि आंटी ते शेजारणींना सांगत गेल्या. एका रविवारी एक अनोळखी बाई मला रस्त्यात थांबवून म्हणाली की तुझ्याबद्दल ऐकून तिची श्रद्धा परत आली. मी त्या बाईंना थँक्यू म्हटलं.

महिन्याच्या मिस्सेनंतर लोक गेले तेव्हा आंटींनी मला थांबवून घेतलं. तुझे कपडे देऊन टाकायचे होते, त्यांच्या घड्या करायला मदत हवी होती. तुझा पिवळा फ्रॉक, ऑफिसचे दोन स्कर्ट, नाताळचा तो निळा. आंटी एकेक कपडा उलटा करून शिवण बघत होत्या आणि मग घडी करत होत्या. पाचव्या-सहाव्या कपड्यानंतर त्यांचे हात थांबले.

“तुला एक सांगू? फादरला नाय सांगितलं मी. कोनाला नाय सांगितलं.”

“काय आंटी?”

“मना प्रार्थना येत नाय आता. गुडघ्यावर बसते, आनि तोंडातून शिव्या येतात. देवाला शिव्या. रोज.” त्या खाली बघत होत्या. “पोरगी माझी एवढी शांत गेली. सगळा त्याच्यावर सोडून गेली. आनि आई बग कशी. मना लाज वाटते गो. वरती भेटली तर काय तोंड दाखवू तिला?”

बाहेर कुणीतरी नळ सोडला होता, बादली भरल्याचा आवाज येत होता. मी तुझा निळा फ्रॉक हातात धरून उभी होते. आता मला कळलं की माझ्या त्या सुरेख वाक्याने काय केलं. आधी त्याने तुला तिच्यापासून तोडलं, आणि आता तिलाही तुझ्यापासून तोडत होतं. ती तुझ्यासारखीच भांडत होती, त्याच्याशीच, त्याच गोष्टीवरून, आणि तिला वाटत होतं की सगळ्या घराण्यात अशी वाईट ती एकटीच.

तू असतीस तर म्हणाली असतीस, बोल आता, दगड.

आंटींनी वर बघितलं. मी फ्रॉक खाटेवर ठेवला आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं,

“आंटी, ती शांत नव्हती. तिला भीती वाटत होती. देवावर चिडली होती ती, तुमच्यासारखीच, रोज भांडत होती त्याच्याशी. मम्मीला सांग म्हणाली होती मला. एकटी ये, गाऊ नको, नुसती माझ्याजवळ बस, असं तुम्हाला सांगायला सांगितलं होतं तिनं. मी सांगितलं नाही.”